एका परिपूर्ण संख्येची कुळकथा

३,३५,५०,३३६ हा आकडा कोणी नुसता वाचून दाखविला, तर तो एखाद्या जिल्ह्याच्या जमाबंदीचा असावा, असेच ऐकणाऱ्यास वाटेल. तीन कोटी पस्तीस लक्ष पन्नास हजार तीनशे छत्तीस या उच्चारात मनाला थांबवून धरील असे काही नाही. परंतु या संख्येला ज्या ज्या लहान संख्यांनी नि:शेष भाग जातो, त्या सर्व एकत्र मांडून त्यांची बेरीज घेतली, तर ती बेरीज अचूक ३,३५,५०,३३६ एवढीच भरते; एकाने अधिक नाही की एकाने उणी नाही. हा गुण ज्या संख्येच्या अंगी असतो तिला गणितात परिपूर्ण संख्या म्हणतात, आणि एकापासून मोजीत निघालेल्या माणसास आपल्या या संख्येशी पोहोचेपर्यंत असा योग, हिला धरून, अवघा पाच वेळा येतो. एवढ्या दुर्मीळ गुणाची उपपत्ती काय, आणि त्या एका गुणाच्या पोटी आणखी किती गुण दडलेले आहेत, हे विस्ताराने पाहण्यासारखे आहे.

प्रथम लहान उदाहरणे घेऊ. ६ या संख्येचे स्वत:खेरीज विभाजक १, २ आणि ३. त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७ आणि १४. त्यांचीही बेरीज २८. इतर संख्यांचा जमाखर्च असा जुळत नाही. १० चे विभाजक १, २ आणि ५ मिळून ८ होतात, म्हणजे खात्यात दोनाची तूट येते. १२ चे विभाजक १, २, ३, ४ आणि ६ मिळून १६ होतात, म्हणजे चार शिल्लक पडतात. तुटीच्या संख्यांस न्यून, शिलकी संख्यांस अधिक, आणि ज्यांचा ताळेबंद तंतोतंत मिळतो त्यांस परिपूर्ण, असे हे त्रिविध वर्गीकरण इसवी सनाच्या १०० च्या सुमारास निकोमाकस या ग्रीक पंडिताने आपल्या अंकगणितावरील ग्रंथात सविस्तर मांडले. तो आजच्या जॉर्डनमधील गेरासा नगरीचा रहिवासी. त्याची दृष्टी केवळ हिशेबनिसाची नव्हती. न्यून आणि अधिक ही दोन टोके दोषांची, आणि त्यांच्यामधला दुर्मीळ समतोल हा सद्गुणाचा, असे तो मानी. पुढे संत ऑगस्टीननेही सृष्टीची उत्पत्ती सहा दिवसांत झाली याची संगती ६ या संख्येच्या परिपूर्णत्वाशी लावली.

निकोमाकसला चार परिपूर्ण संख्या ठाऊक होत्या : ६, २८, ४९६ आणि ८१२८. या चौघींकडे पाहून त्याने दोन अनुमाने काढली. एकं, दहं, शतं, सहस्र अशा प्रत्येक पायरीवर एकेकच परिपूर्ण संख्या असते, हे पहिले. आणि त्यांचे शेवटचे अंक आलटून पालटून ६ आणि ८ असे येतात, हे दुसरे. ही अनुमाने इतकी डौलदार होती की पुढील अनेक शतके ग्रंथकारांनी ती विनातक्रार आपल्या ग्रंथांत उतरवून घेतली. वास्तविक पाच अंकी, सहा अंकी किंवा सात अंकी परिपूर्ण संख्या एकही नाही. ८१२८ नंतर जी येते ती थेट आठ अंकी, आणि तीच आपली ३,३५,५०,३३६. पहिले अनुमान तिने एकटीने मोडून काढले. दुसरे तिच्यापाशी तग धरून राहिले, कारण तिचा शेवटचा अंक ६ आहे आणि क्रमाने यावयाचाही ६ च होता; परंतु तिच्या पाठोपाठ येणारी ८,५८,९८,६९,०५६ हीसुद्धा ६ वरच संपते, त्यामुळे तेही कोसळले. चार दाखल्यांवरून केलेला नियम पाचव्या आणि सहाव्या दाखल्यापाशी नामंजूर झाला, याचे कारण उघड आहे : निकोमाकसने संख्यांचे बाह्यरूप पाहिले, त्यांची घडण पाहिली नाही.

घडणीचे रहस्य मात्र त्याच्याही चारशे वर्षे आधी युक्लिडने लिहून ठेवले होते. त्याच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या नवव्या खंडातील छत्तिसावे प्रमेय सांगते की, एकापासून आरंभ करून दुप्पट दुप्पट करीत संख्या मांडाव्यात, १, २, ४, ८, १६ अशा; त्यांची बेरीज घेत जावी; आणि ज्या टप्प्यावर ती बेरीज मूळ संख्या निघेल, म्हणजे एकाखेरीज आणि स्वत:खेरीज कोणानेही तिला भाग जाणार नाही, त्या टप्प्यावर त्या बेरजेस शेवटच्या पदाने गुणावे; गुणाकार परिपूर्ण येतो. १ आणि २ मिळून ३. दोन त्रिक सहा. पुढचे ४ मिळविले की ७. चार साते अठ्ठावीस. पुढची बेरीज १५, ती संयुक्त, म्हणून सोडून द्यावयाची. त्यापुढची ३१, आणि १६ गुणिले ३१ म्हणजे ४९६. मग ६३ बाद, १२७ मूळ, आणि ६४ गुणिले १२७ म्हणजे ८१२८. यानंतर मात्र बराच काळ निराशा पदरी पडते : २५५, ५११, १०२३, २०४७, ४०९५ या साऱ्या बेरजा संयुक्त निघतात, आणि तेराव्या पदापाशी ८१९१ ही बेरीज येऊन उभी राहते. तिचे शेवटचे पद ४०९६. या दोहोंचा गुणाकार म्हणजेच ३,३५,५०,३३६.

दुप्पट दुप्पट वाढणाऱ्या या श्रेढीची बेरीज आपल्या देशात अपरिचित नव्हती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त गुणोत्तर श्रेढीचे गणित आहे, आणि त्यात एका दात्याचे उदाहरण दिले आहे : तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो, पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देत जातो, तर महिन्याभरात त्याने किती दिले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. या राशीत आणखी एक कवडी टाकली, तर जी संख्या होते ती दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केल्याने येणारी संख्या होय, आणि ती मूळ आहे हे ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये प्रसिद्ध केले. ‘लीलावती’त परिपूर्ण संख्यांचा विचार नाही, तरी बाराव्या शतकातील त्या दात्याच्या राशीपासून आठव्या परिपूर्ण संख्येच्या मुख्य अवयवापर्यंत अंतर एका कवडीचे आहे, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते.

युक्लिडची रीत का लागू पडते, हे आपल्याच संख्येवर पाहू. ८१९१ मूळ असल्यामुळे ३,३५,५०,३३६ चे विभाजक दोनच प्रकारचे संभवतात. पहिला प्रकार १, २, ४, ८ पासून ४०९६ पर्यंतच्या तेरा संख्यांचा. त्यांची बेरीज ८१९१, हे वर आलेच आहे. दुसरा प्रकार ८१९१, तिची दुप्पट १६,३८२, मग चौपट, असे करीत १,६७,७५,१६८ पर्यंतच्या बारा संख्यांचा. त्यांची बेरीज ८१९१ च्या ४०९५ पट. ४०९५ पट आणि एक पट मिळून ४०९६ पट, आणि ८१९१ ची ४०९६ पट म्हणजे आपली मूळची संख्या. पंचवीस विभाजकांचा हिशेब दोन ओळींत पुरा झाला. कागदावर एकेक विभाजक मांडून बेरीज करण्याचीही गरज पडली नाही.

या साऱ्या इमारतीचा भार एकाच अटीवर आहे : ती बेरीज मूळ असली पाहिजे. ही अट ढिली केली की काय होते, याचे प्रत्यंतर २०४७ देते. तिला १०२४ ने गुणले असता २०,९६,१२८ ही सात अंकी संख्या मिळते, आणि निकोमाकसच्या पायऱ्यांतील एक रिकामी जागा भरून निघाल्यासारखे वाटते. मात्र २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९, त्यामुळे काही विभाजक जादा होतात, आणि बेरीज २३,२५,३९२ पर्यंत चढते. ती संख्या अधिक ठरते, परिपूर्ण नव्हे. तेव्हा ८१९१ मूळ आहे कशावरून, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

सरळ मार्ग असा की ८१९१ चे वर्गमूळ नव्वदाहून किंचित जास्त आहे, म्हणून तिला कोणी विभाजक असेलच तर त्यातला एक नव्वदाच्या आत सापडला पाहिजे. २ पासून ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भागून पाहावे म्हणजे निकाल लागला. परंतु सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने याहून फार सुंदर मार्ग दाखविला. १६४० च्या सुमारास त्याच्या ध्यानी आले की, दोनाचा घातांक मूळ विषम संख्या असेल, तर त्या घातातून एक वजा केल्याने येणाऱ्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीने भागिला असता बाकी एकच उरते. ८१९१ ही दोनाच्या तेराव्या घातातून एक वजा करून आलेली आहे; तेराची दुप्पट सव्वीस. सव्विसाने भागून एक उरेल अशा नव्वदाच्या आतील संख्या फक्त तीन, २७, ५३ आणि ७९. पैकी २७ मूळ नाही. आता राहिले दोन भागाकार. ८१९१ ला ५३ ने भागले तर १५४ वेळा भाग जाऊन २९ उरतात. ७९ ने भागले तर १०३ वेळा भाग जाऊन ५४ उरतात. संपले. चोवीस भागाकारांचे काम दोहोंत आटोपले, आणि ८१९१ च्या मूळपणाविषयी शंकेला जागा राहिली नाही. हे दोन भागाकार वाचकांनी स्वत: पेन्सिलीने करून पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, दुसऱ्याच्या शब्दावर मान्य केलेले सत्य आणि आपल्या हातून सिद्ध झालेले सत्य यांतील अंतर तेव्हाच उमगते.

फर्माच्या या युक्तीपूर्वीच आपली संख्या उजेडात आलेली होती. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील इब्न फल्लूस या अरबी गणितज्ञाने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली. त्यांतील शेवटच्या तीन चुकीच्या असल्या, तरी पहिल्या सात बरोबर आहेत, आणि पाचवी अर्थातच ३,३५,५०,३३६ आहे. युरोपात ती १४५६ च्या एका लॅटिन हस्तलिखितात आढळते. त्याच्या कर्त्याचे नाव उपलब्ध नाही. १५३६ मध्ये हुदालरिकस रेगियस याने २०४७ चे अवयव पाडून ती बाद केली आणि तेराव्या घाताची संख्या पाचवी म्हणून कायम केली. पुढे बोलोन्याच्या कातालदीने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांचे कोष्टक हाती घेऊन, अक्षरश: भागाकारामागून भागाकार करीत, सहावी आणि सातवी परिपूर्ण संख्या सिद्ध केली, आणि १६०३ मध्ये आपला ग्रंथ छापला. त्याने आणखीही काही घातांक पुढे केले होते. त्यांपैकी तेविसावा आणि सदतिसावा घात फर्माने अनुक्रमे ४७ आणि २२३ हे विभाजक काढून दाखवून रद्द केले.

आता संख्येच्या इतर वर्गांकडे वळू. ती त्रिकोणी आहे, म्हणजे १ पासून ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज तेवढीच येते. ती षट्कोणी संख्यांतही मोडते. १, ३, ५ पासून १२७ पर्यंतच्या चौसष्ट विषम संख्यांचे घन घेऊन मिळविले तरी तीच हाती येते. संगणक ज्या द्विमान पद्धतीने आकडे मांडतात, त्या पद्धतीत तिचे रूप म्हणजे तेरा एके आणि त्यांपुढे बारा शून्ये. तिचा स्वत:हून लहान असा प्रत्येक विभाजक न्यून आहे, आणि तिची दुप्पट, तिप्पट, कोणतीही पट घेतली तरी ती अधिक आहे. ही यादी आणखी लांबविता येईल, परंतु यांतील एकही गुण स्वतंत्रपणे आकाशातून पडलेला नाही. सारे ४०९६ आणि ८१९१ यांच्या नात्यातून निघाले आहेत, आणि ते नाते ओळखले की बाकीचे मोजणीवाचून सांगता येतात.

येथवर सांगितलेले गुण, द्विमान रूप सोडल्यास, संख्या कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी टिकणारे आहेत. याहून निराळा एक वर्ग आहे, दशमान पद्धतीने मांडलेल्या अंकांवर आधारलेला, आणि त्या प्रांतात एक थोर नाव आपल्या महाराष्ट्राचे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९०५ मध्ये डहाणूस जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि त्यांचे सारे आयुष्य नाशिकजवळच्या देवळालीस शाळामास्तरकीत गेले. अंकांच्या बेरजांशी त्यांचे जे सख्य होते, त्यास काही विद्वानांनी दीर्घकाळ पोरखेळ समजून बाजूस सारले, हे मला अन्यायाचे वाटते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती जगभर पसरली.

कापरेकरांच्या कसोट्या आपल्या संख्येस लावून पाहू. आपल्या अंकांच्या बेरजेने जी नि:शेष भागली जाते, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. ३, ३, ५, ५, ०, ३, ३, ६ यांची बेरीज येते २८, आणि २८ स्वत: परिपूर्ण संख्या आहे! मन मोहून जावे असा हा मेळ असला, तरी तो योगायोग आहे. आणि २८ ने आपल्या संख्येस भाग जात नाही, कारण २८ मध्ये ७ आहे आणि ४०९६ गुणिले ८१९१ मध्ये ७ कोठेही नाही. सबब ती हर्षद नव्हे. दुसरी कसोटी स्वयंभूपणाची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१. ज्या संख्येस असा जनक नसतो ती स्वयंभू. २० ही तशी आहे. आपल्या संख्येचा जनक शोधला, तर ३,३५,५०,३१३ सापडते : तिच्या अंकांची बेरीज २३, आणि ३१३ च्या जागी २३ ने वाढून बरोबर ३३६ येतात. दुसरा जनक तिला नाही. अर्थात ती स्वयंभूही नव्हे.

परंतु अंकांच्या पृष्ठभागावरही घडणीची मुद्रा उमटते. २८ च्या अंकांची बेरीज १०, दहाची १. हा एक मात्र योगायोग नाही. ४०९६ ला तिनाने भागले असता एक उरतो. तीन गुणिले १३६५ अधिक एक. ८१९१ म्हणजे तिच्या दुपटीतून एक वजा, अर्थात सहा गुणिले १३६५ अधिक एक. या दोहोंचा गुणाकार विस्तारला की अखेरच्या एकाखेरीज प्रत्येक पदास नवाने भाग जातो, म्हणून नवाचा ताळा पाहिला असता एकच उरणार. ६ सोडून प्रत्येक ज्ञात परिपूर्ण संख्येस हे लागू आहे. ४९६ चे १९, मग १०, मग १.

आणि कापरेकरांच्या नावाने प्रसिद्ध असलेला जो संख्यावर्ग, ज्यात ४५ चा वर्ग २०२५ घेऊन त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे केले की बेरीज पुन्हा ४५ येते, त्या वर्गाशी तर परिपूर्ण संख्यांचे पक्के नाते आहे. दशमान पद्धतीत नव्हे, द्विमान पद्धतीत. ६ चा वर्ग ३६; द्विमान पद्धतीत तो १००१०० असा लिहितात; शेवटचे चार अंक वेगळे काढले की डावा तुकडा दोन आणि उजवा तुकडा चार, मिळून सहा. आपल्या संख्येचा वर्ग द्विमान पद्धतीने लिहून शेवटचे सव्वीस अंक तोडले, तर डावीकडे १,६७,७३,१२० आणि उजवीकडे १,६७,७७,२१६ मोलाचे तुकडे पडतात, आणि त्यांची बेरीज ३,३५,५०,३३६ होते. युक्लिडच्या रीतीने घडलेली प्रत्येक संख्या या कसोटीस उतरते. देवळालीच्या मास्तरांनी ज्या खिडकीतून पाहिले, तीतूनही युक्लिडचेच प्रमेय दिसते, आणि त्यांच्या कार्यास पोरखेळ म्हणणाऱ्यांस यापरते उत्तर देण्याची गरज नाही.

सम परिपूर्ण संख्यांचा प्रश्न ऑयलरने निकालात काढला : युक्लिडच्या रीतीखेरीज त्यांना जन्माचा दुसरा मार्गच नाही, हे त्याने सिद्ध केले, ही सिद्धता त्याच्या मृत्यूनंतर १८४९ मध्ये छापली गेली. तेव्हापासून सम परिपूर्ण संख्या शोधणे म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या मूळ संख्या शोधणे, एवढेच काम उरले. सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मूळ संख्यांचा शोध १९९६ पासून हजारो स्वयंसेवक आपले संगणक एकत्र जोडून घेत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन संशोधकाने त्यांतील बावन्नावी ज्ञात संख्या शोधली; ती दोनाच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केल्याने येते आणि तीत ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्यापासून होणारी परिपूर्ण संख्या आठ कोटींहून अधिक अंकांची आहे, आणि ३,३५,५०,३३६ ही त्याच वंशातील पाचवी आहे.

विषम परिपूर्ण संख्येची कथा याहून निराळी आहे. अशी एखादी संख्या असलीच, तर ती एकावर पंधराशे शून्ये दिल्याने होणाऱ्या संख्येहून मोठी असली पाहिजे, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. आजवर तशी एकही सापडलेली नाही. आणि तशी संख्या असणे अशक्य आहे, हेही अद्याप कोणी सिद्ध करू शकलेले नाही.